जर्मनांशी लढलेल्या शास्त्रज्ञानं जनुकांचं बटण शोधलं, आज त्याच्या जोरावर केमो द्यायची की नाही ते ठरतंय

१९३६ चा सप्टेंबर महिना. आइसलँडच्या किनाऱ्याजवळ एक फ्रेंच संशोधन जहाज वादळात सापडलं आणि खडकावर आदळून फुटलं. जहाजाचं नाव होतं 'पुर्क्वा पा', म्हणजे 'का नाही'. जहाजावरच्या सगळ्यांपैकी फक्त एक जण वाचला.

या सफरीवर २६ वर्षांचा एक तरुणही जाणार होता. दोन वर्षांपूर्वी तो याच जहाजातून ग्रीनलँडला जाऊन आला होता. पण बोरिस एफ्रुसी या शास्त्रज्ञानं त्याला जनुकशास्त्र शिकायला अमेरिकेला येण्याची गळ घातली. तो अमेरिकेला गेला, म्हणून वाचला.

त्याचं नाव झाक मोनो.

मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० चा, पॅरिसमधला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. लहानपणी पोलिओ झाला आणि एक पाय कायमचा अधू राहिला. तरी गडी डोंगर चढायचा, बोटी हाकायचा. चेलो हे वाद्य तर इतकं छान वाजवायचा की संगीतकार व्हायचं की शास्त्रज्ञ, हेच बरीच वर्षं ठरत नव्हतं.

ते ठरवलं एका जिवाणूनं.

पॅरिसच्या सोर्बन विद्यापीठात मोनो ई. कोलाय हे जिवाणू वाढवत होते. त्यांनी जिवाणूंना दोन प्रकारची साखर एकत्र दिली, ग्लुकोज आणि लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. जिवाणूंनी आधी ग्लुकोज फस्त केलं. मग त्यांची वाढ चक्क थांबली. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली, आता लॅक्टोजवर.

हा मधला ब्रेक कशासाठी? लॅक्टोज पचवायचं एन्झाइम जिवाणूकडे तयार नव्हतं. गरज पडल्यावर त्यानं ते बनवायला घेतलं. मग गरज पडली हे त्याला कळतं कसं? या एका प्रश्नानं मोनो यांना पुढची वीस वर्षं सोडलं नाही.

१९४१ मध्ये त्यांनी यावर प्रबंध दिला, पण सोर्बनला त्यात फारसा रस वाटला नाही. शिवाय तेव्हा पॅरिसवर जर्मनांचा ताबा होता आणि मोनो यांची पत्नी ज्यू होती. मोनो भूमिगत चळवळीत उतरले. प्रयोगशाळेबाहेर जिराफाचा सांगाडा उभा होता. त्याच्या पायाच्या पोकळ हाडात ते गुप्त कागद लपवायचे. पुढे सोर्बनमध्ये राहणं धोक्याचं झालं, तेव्हा पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंद्रे ल्वॉफ यांनी त्यांना काम करायला जागा दिली.

युद्ध संपल्यावर मोनो पाश्चरमध्येच रुजू झाले. तिथं त्यांना जोडीदार मिळाला फ्रान्स्वा जाकोब. हा युद्धात जबर जखमी झालेला आणि त्यामुळं सर्जन होण्याचं स्वप्न सुटलेला माणूस.

दोघांनी मिळून जे शोधलं ते सोप्या भाषेत असं. लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या तोंडाशी एक प्रथिन कुलपासारखं बसलेलं असतं. लॅक्टोज आलं की हे कुलूप निघतं. मग जनुकावरून आरएनएची तात्पुरती चिठ्ठी तयार होते आणि ती वाचून पेशी एन्झाइम बनवते. १९६१ मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं आणि १९६५ मध्ये मोनो, जाकोब आणि ल्वॉफ या तिघांना नोबेल मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, जिवाणूच्या जेवणाचा आपल्या आजाराशी काय संबंध?

तर घराचं वायरिंग आठवा. वायर सगळ्या खोल्यांत गेलेली असते, पण दिवा लागतो तो जिथं बटण दाबलंय तिथंच. आपल्या यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत जनुकं जवळपास तीच असतात. फरक असतो तो कुठली चालू आणि कुठली बंद याचा. माणसातली बटणं जिवाणूपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहेत, पण कॅन्सरमध्ये हीच चालू-बंदची गणितं बिघडतात. आणि कुठलं जनुक किती चालू आहे हे त्या आरएनएच्या चिठ्ठ्या मोजून कळतं. यालाच जनुक अभिव्यक्तीचं विश्लेषण म्हणतात.

३१ मे १९७६ ला रक्ताच्या गंभीर आजारानं मोनो गेले. तेव्हा एका वेळी हजारो जनुकांच्या चिठ्ठ्या मोजायची सोय नव्हती. ती आली १९९० च्या दशकात.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ब्लड कॅन्सरच्या ३८ रुग्णांच्या अस्थिमज्जेत सुमारे ६,८०० जनुकं तपासली. ल्युकेमियाचे दोन मुख्य तीव्र प्रकार दिसायला सारखे वाटू शकतात, पण त्यांची औषधं वेगळी असतात. निव्वळ चिठ्ठ्यांच्या हिशेबावरून हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले.

पुढचा टप्पा उपचारांचा होता. स्तनाच्या कॅन्सरसाठी गाठीतली २१ जनुकं मोजून गुण देणारी चाचणी आली. केमोनं केस जातात, उलट्या होतात, संसर्गाचा धोका वाढतो. एवढं सोसून फायदा होणार का, हे बाईला आधी कळायला नको का? १० हजारांवर स्त्रियांना सामील करून घेतलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. हार्मोनवर वाढणारा, एचईआर२ नसलेला आणि काखेतल्या गाठींपर्यंत न पोचलेला कॅन्सर असलेल्या ज्या स्त्रियांचे गुण मधल्या टप्प्यात होते, त्यांना एकूण पाहता फक्त हार्मोनच्या उपचारांनीही केमोइतकाच फायदा झाला. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र केमोचा थोडा उपयोग दिसला.

ही चाचणी प्रत्येक कॅन्सरला लागू पडत नाही आणि ती महागही आहे. पण घरात कुणाला अशा प्रकारचा कॅन्सर निघाला, तर केमो सुरू करण्याआधी या चाचणीचा आपल्याला उपयोग आहे का, एवढं डॉक्टरांना नक्की विचारा.