डबल बारचा जन्मदाता : फ्रीडरिश लुडविग यान



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुले इथे जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला जातात. तिथे खांद्याएवढ्या अंतरावर बसवलेल्या दोन आडव्या दांड्यांना मुले पॅरलल बार्स म्हणतात. महाराष्ट्रातल्या व्यायामशाळेत घाम गाळलेले आईवडील त्यालाच डबल बार म्हणतात. हे साधन ज्याने बनवले, त्या माणसाची ओळख या वेळच्या चरित्रलेखात करून घेऊ या. आधीच सांगून ठेवते, हा माणूस डोळे मिटून हार घालावा असा नाही. पण त्याच्या हातून झालेले काम आज जगभर चालते, अमेरिकेत तर ते त्याच्या हयातीतच येऊन पोचले होते.

फ्रीडरिश लुडविग यानचा जन्म ११ ऑगस्ट १७७८ रोजी प्रशियातल्या लांत्स या छोट्या गावात झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मुलगा हुशार होता, पण कुठे टिकून बसणारा नव्हता. हाले, ग्राइफ्सवाल्ड अशा विद्यापीठांत त्याने धर्मशास्त्र आणि भाषाशास्त्र शिकून पाहिले, पदवी मात्र घेतली नाही. पायी भटकणे, लोकांची बोली ऐकणे, भांडणे आणि वाद घालणे यातच त्याची बरीच वर्षे गेली.

१८०६ साली येना आणि आउअरश्टेट इथे नेपोलियनने प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडवला. यान लढाईत उतरायला निघाला होता, पण तो पोचेपर्यंत सारे संपले होते. फ्रेंच फौजा बर्लिनमध्ये शिरल्या. हा अपमान त्याच्या मनात कायमचा रुतला. जर्मन तरुण शरीराने आणि मनाने दुबळा झाला आहे, त्याला पुन्हा उभे केले पाहिजे, या एका विचाराने त्याला पछाडले. १८१० साली त्याने जर्मन लोकजीवनावर पुस्तक लिहिले आणि बर्लिनच्या शाळांत शिकवायला सुरुवात केली.

शरीरशिक्षणाची कल्पना त्याची एकट्याची नव्हती. श्नेपफेनटाल इथल्या शाळेत गुट्समुट्स नावाचे शिक्षक त्याच्या आधीपासून मुलांकडून पद्धतशीर व्यायाम करून घेत होते आणि १७९३ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले होते. यानने काय केले, तर व्यायाम शाळेच्या कुंपणाबाहेर काढून उघड्या मैदानात आणला. १८११ च्या जून महिन्यात बर्लिनच्या वेशीबाहेर हाझेनहाइडे, म्हणजे सशांचे माळरान, या जागी त्याने पहिले खुले व्यायाम-मैदान सुरू केले. तेव्हा तो बत्तिशीत होता. बुधवारी आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की मुले तिकडे धावत. धावणे, उड्या, दोरावर चढणे, कुस्ती, लाकडी घोड्यावरच्या कसरती असे सगळे तिथे चाले. श्रीमंताचा मुलगा असो की कारागिराचा, सगळ्यांना जाड्याभरड्या कापडाचा एकसारखा पोशाख आणि आपापसात अरे-तुरे. त्या काळच्या प्रशियात ही मोठीच गोष्ट होती.

आता डबल बारची गोष्ट. लाकडी घोड्यावरच्या कसरतीत सगळे वजन दोन हातांवर तोलून पाय फिरवावे लागतात. शहरातल्या मुलांना ते जमेना. दंड आणि खांदे क्षणभरही भार धरत नसत, मग पाय कुठून फिरणार? मुलांना दोष देत बसण्यापेक्षा यानने मधली पायरी तयार केली. जमिनीत खांब रोवून त्यावर दोन दांड्या समांतर बसवल्या. मुलाने दोन्ही दांड्यांवर हात टेकून नुसते उभे राहायचे, मग हातांवर चालायचे, मग झोके घ्यायचे, मग खाली जाऊन वर यायचे. हात तयार झाले की पुन्हा घोड्याकडे. म्हणजे आज ज्यावर ऑलिंपिक पदके मिळतात, ते साधन मुळात दुसऱ्या साधनाची तयारी करून घेणारे मदतनीस होते.

आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला असे मानतात. तोही पैलवानाला जोडीदाराशिवाय पकडींचा सराव करता यावा म्हणून रोवलेला खांब. पुढे तोच स्वतंत्र खेळ झाला. साधारण त्याच पिढीत पुण्याकडे आणि बर्लिनमध्ये एकमेकांचा पत्ता नसलेल्या दोन गुरूंना सारखीच युक्ती सुचली!

लोंबत्या रिंगा यानच्या नव्हेत. त्या पुढच्या पिढीत आल्या आणि त्यांचे श्रेय सहसा आडोल्फ श्पीस या जर्मन शिक्षकाला देतात. पण रिंगची ताकद कमावायची तर आजही वाट डबल बारवरूनच जाते, आणि त्याचे कारण साधे आहे. डबल बारची दांडी हलत नाही. रिंग मात्र पट्ट्याला टांगलेली असते, वजन टाकले की दोन रिंगा दोन दिशांना पळतात आणि त्यांना अंगाशी धरून ठेवायचे कामही खांद्यांवरच पडते. म्हणून आधी डबल बारवर हात सरळ ठेवून भार धरायला शिकवतात, मग जमिनीलगत टांगलेल्या रिंगवर पाय टेकवून, आणि मग उंच रिंगवर. स्पर्धेतल्या रिंगा जमिनीपासून २.८० मीटरवर असतात.

हात आडवे पसरून क्रॉस धरायचा असेल तर आणखी मदत लागते. काही ठिकाणी कप्पीवरून दोर घेऊन दुसऱ्या टोकाला वजन बांधतात, त्यामुळे मुलाचे वजन तेवढे हलके होते. काही ठिकाणी पायाखाली रबरी पट्टा ताणतात. तिसरा उपाय म्हणजे रिंगला अडकवलेला पट्टा हाताच्या पंजाऐवजी कोपराजवळ बांधायचा. शाळेत शिकलेली तरफ आठवा. आधार खांद्याच्या जितका जवळ, तितका खांद्यावर ताण कमी. ताकद वाढेल तसा पट्टा हळूहळू मनगटाकडे सरकवायचा, वजन कमी करायचे, रबर पातळ करायचे. मदत घ्यायची ती एक दिवस सोडून देण्यासाठी, हा धडा हाझेनहाइडेच्या त्या दोन दांड्यांचाच आहे.

१८१३ साली नेपोलियनविरुद्ध युद्ध पेटले तेव्हा यान आणि त्याची पोरे ल्युट्झोच्या स्वयंसेवक दलात दाखल झाली. त्याचा जिवलग सहकारी फ्रीडरिश फ्रीझन १८१४ साली मारला गेला. युद्धानंतर यानने एर्न्स्ट आयझेलेनबरोबर व्यायामशास्त्रावरचे आपले प्रसिद्ध पुस्तक १८१६ साली छापले. मैदाने गावोगावी निघाली आणि यान लोकांचा लाडका झाला.

पण मंडळी, याच माणसाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. त्याचे देशप्रेम द्वेषाशिवाय उभेच राहत नसे. फ्रेंच, पोलिश आणि ज्यू लोकांविषयी तो अत्यंत विखारी बोले आणि लिही. १८१७ साली वार्टबुर्ग किल्ल्यावर विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. यान स्वतः तिथे नव्हता, पण त्याच्या चेल्यांनी तिथे पुस्तकांची होळी केली आणि त्यात साउल आशर या ज्यू लेखकाचे पुस्तकही होते. १८१९ साली कार्ल झांड या विद्यार्थ्याने कोत्सेबू या नाटककाराचा खून केला. झांड व्यायाम-चळवळीतला होता. सरकारला निमित्तच हवे होते. राजाला न विचारता एकत्र जमणारे, कसलेले तरुण त्याला नकोच होते. जुलै १८१९ मध्ये यानला अटक झाली, आणि पुढच्याच वर्षी प्रशियात मैदाने बंद करण्यात आली.

त्याच्या चौकशी आयोगात ई. टी. ए. हॉफमन हे न्यायाधीश होते. दर डिसेंबरमध्ये आपण मुलांना ज्या नटक्रॅकरच्या बॅलेला नेतो, त्याची मूळ कथा यांचीच. यानची मते त्यांना मुळीच पटत नव्हती. तरीही पुरावा नाही म्हणून त्याला सोडावे, असे त्यांनी सरकारच्या नाराजीची पर्वा न करता सांगितले. सरकारने ऐकले नाही. यान १८२५ पर्यंत अडकून राहिला आणि त्याच काळात, १८२३ साली, त्याची पत्नी हेलेन वारली. सुटका झाली तीही अटींवर. बर्लिनमध्ये राहायचे नाही, विद्यापीठ किंवा मोठी शाळा असलेल्या गावाच्या आसपासही नाही. म्हणजे ज्याने आयुष्यभर मुले जमवली त्याला मुलांपासूनच तोडले. तो उन्श्ट्रुट नदीकाठच्या फ्रायबुर्ग गावी राहिला. १८३८ साली घराला आग लागली तेव्हा देशभरच्या जुन्या शिष्यांनी वर्गणी काढून त्याला नवे घर उभे करून दिले. तिथे आज त्याचे संग्रहालय आहे.

१८४२ साली नव्या राजाने व्यायामावरची बंदी उठवली. १८४८ च्या क्रांतीत यान फ्रँकफर्टच्या संसदेत निवडून गेला, पण तिथे त्याने सम्राटाची बाजू घेतली आणि प्रजासत्ताक मागणारे तरुण टर्नर (त्याच्या चळवळीतले व्यायामपटू) त्याच्यावर उलटले. १५ ऑक्टोबर १८५२ रोजी फ्रायबुर्गमध्ये त्याचे निधन झाले. पुढे डबल बार शरीराला घातक आहे म्हणून १८६० च्या सुमारास बर्लिनच्या सरकारी संस्थेने तो काढून टाकला. तेव्हा फिरखोव आणि द्यु ब्वा-रेमों यांच्यासारखे नामवंत वैद्यकशास्त्रज्ञ त्याच्या बाजूने उभे राहिले आणि डबल बार परत आला.

आता अमेरिकेकडे येऊ. बंदीमुळे देश सोडलेला त्याचा शिष्य कार्ल बेक याने १८२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहॅम्प्टनच्या राउंड हिल शाळेत व्यायाम शिकवायला सुरुवात केली आणि १८२८ साली यानच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले. १८४८ ची क्रांती फसल्यावर हजारो जर्मन इथे आले. त्याच वर्षी सिनसिनाटीत त्यांनी टर्नर मंडळ स्थापन केले आणि पुढे गावोगावी तशी मंडळे निघाली. व्यायाम, गाणी, नाटके, मुलांसाठी मातृभाषेचे वर्ग, वाचनालय... वाचताना काही ओळखीचे वाटते का? शंभर-दीडशे वर्षांनी आपण जे मंडळ चालवतो, त्याचा हा थोरला भाऊच म्हणायचा. १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाल्यावर यातले अनेक जण गुलामगिरीविरुद्ध उत्तरेच्या सैन्यात गेले. मिलवॉकीचा जुना टर्नर हॉल आजही उभा आहे.

१९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्स उतरले ते मुख्यतः या मंडळांच्याच जोरावर. तिथे जॉर्ज आयझर या जर्मनीत जन्मलेल्या खेळाडूने एका दिवसात सहा पदके मिळवली, त्यात डबल बारचे सुवर्ण होते. त्याचा एक पाय लाकडी होता!

आणि त्याच्याही आधी, १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये डबल बारचे सुवर्णपदक जिंकले ते बर्लिनच्या आल्फ्रेड फ्लाटोव यांनी. ते ज्यू होते. यानच्या मैदानातून निघालेल्या साधनावर जगातला पहिला विजेता ठरला तो यान ज्यांना परके म्हणत असे त्यांच्यातला. पुढे नाझींनी यानला आपला पूर्वज म्हणून मिरवले. १९३३ साली फ्लाटोव यांना त्यांच्या व्यायाम मंडळातून बाहेर काढण्यात आले आणि १९४२ साली टेरेझीनच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. त्या वेळी हा पहिला विजेता स्वतःच्याच शहरात परका झालेला होता.

मग या माणसाला मानायचे की नाही? मला वाटते, वाटणी करून घ्यावी. दुबळ्या हाताला हसण्याऐवजी त्याला पायरी करून देणे, सगळ्यांना एका पोशाखात एका मैदानात आणणे, हे त्याच्याकडून घ्यावे. मैदानात कोणाला येऊ द्यायचे याबद्दलचा त्याचा निकाल मात्र साफ नाकारावा, आणि परदेशात मंडळ चालवणाऱ्या आपण तर तो विशेष आठवणीने नाकारावा. हाझेनहाइडेत १८७२ पासून यानचा पुतळा आहे, त्याच्या चौथऱ्याला देशोदेशींच्या टर्नर मंडळांनी पाठवलेले दगड आहेत. आणि १९९७ पासून त्याच बर्लिनमध्ये ऑलिंपिक स्टेडियमजवळच्या एका रस्त्याला फ्लाटोव हे नाव आहे. तिकडे कधी जाणे झाले तर मुलांना दोन्ही जागा दाखवा.