बाईकच्या स्प्रॉकेटचं गणित आणि वालचंद शेठचं इंदापूर

बारामती-इंदापूर पट्ट्यात दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेली बाईक चढाला दमायला लागली की मिस्त्री एकच उपाय सुचवतो, मागचं स्प्रॉकेट मोठं टाका.

पुढच्या स्प्रॉकेटला १४ दाते आणि मागच्याला ४२ असतील, तर पुढचं ३ वेळा फिरल्यावर चाक एकदा फिरतं. मागे ४५ दात्यांचं बसवलं की त्याच एका फेऱ्याला ३.२१ फेरे लागतात. ओढ साधारण ७ टक्क्यांनी वाढते आणि जवळपास तेवढाच वेग जातो. मागचं न बदलता पुढे १३ दात्यांचं टाकलं तरी जवळपास हेच होतं. फुकट काही मिळत नाही, वेग देऊन ताकद घ्यायची.

आता हेच गणित अवाढव्य मापात बघायचं असेल तर फार लांब जायला नको. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगर आहे. साखर कारखान्यात ऊस चिरडणारे लोखंडी रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे मारतात, तर त्यांना फिरवणारं टर्बाइन हजारो. मधला सगळा वेग गिअरच्या जोड्या खातात आणि त्याची ताकद करून रोलरला देतात.

ज्यांच्या नावाने हे गाव वसलं, ते वालचंद हिराचंद सोलापूरचे. जन्म २३ नोव्हेंबर १८८२. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. गादीवर बसून आरामात दिवस काढता आले असते, पण पठ्ठ्याचं मन तिथे लागेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार करून त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. बार्शी लाईट रेल्वेचं काम केलं, पुढे बोरघाटातले बोगदे.

मग समुद्र. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून विकत घेतलेली 'लॉयल्टी' बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. भारतीयांच्या मालकीच्या बोटीने इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेलं हे उघड आव्हान होतं. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो, तो यामुळेच.

१९३० च्या दशकात त्यांनी इंदापुरात कळंबजवळ ऊस आणि साखर कारखाना उभा केला. नीरेच्या पाण्यावर माळरानाचं गाव झालं.

खरी धावपळ मात्र साठीच्या उंबरठ्यावर. १९४० ला बंगळुरात विमानांचा कारखाना, १९४१ ला विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाईल्स. मोटारीच्या कारखान्याला तर इंग्रज सरकारने युद्धाच्या काळात पाठबळच दिलं नाही. विमानांचा कारखाना १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला, आज तोच एचएएल. १९५२ मध्ये जहाजाचा कारखानाही सरकारकडे गेला. ज्यावर सगळी ताकद लावली, ते डोळ्यांदेखत हातातून निसटलं. आपल्याकडे टाटा-बिर्लांइतकं त्यांचं नाव निघत नाही, हे जरा खटकतंच.

८ एप्रिल १९५३ ला वालचंद शेठ गेले. प्रीमियरची पद्मिनी पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. आणि वालचंदनगरच्या वर्कशॉपमध्ये साखर कारखान्यांची यंत्रं, मोठाले गिअरबॉक्स, एवढंच काय, इस्रोच्या रॉकेटचे भागही तयार झाले.