गळाचे शास्त्र लिहिणारा राजा

शुक्रवार पेठेतून निघून हैदराबादच्या रस्त्याला लागले आणि उमरगा मागे टाकले, की कर्नाटकातले बसवकल्याण फार दूर राहत नाही. हेच जुने कल्याण, चालुक्यांची राजधानी. सोलापूरचा मुलूख तेव्हा याच राज्यात होता. इ.स. ११२६ च्या सुमारास या गादीवर बसलेल्या तिसऱ्या सोमेश्वराने मासे गळाने कसे धरावेत, यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहून ठेवले आहे. या विषयावरच्या देशातल्या सर्वांत जुन्या तपशीलवार लेखनात त्याची गणना होते.

सोमेश्वराचे वडील सहावा विक्रमादित्य. त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे राज्य केले. काश्मीरहून आलेला कवी बिल्हण आणि ‘मिताक्षरा’ लिहिणारा विज्ञानेश्वर त्यांच्याच पदरी होते. अशा दरबारात वाढलेल्या मुलाला तलवारीइतकीच लेखणीची गोडी लागली, यात नवल नाही. त्याने ‘भूलोकमल्ल’ हे बिरुद घेतले. लोक त्याला ‘सर्वज्ञ’ म्हणत. मात्र वडिलांचा दरारा त्याच्या वाट्याला आला नाही. दक्षिणेत होयसळ डोके वर काढत होते, मांडलिक सैल होत होते. अशा काळात, इ.स. ११२९ च्या सुमारास, त्याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला.

ग्रंथात शंभर प्रकरणे आहेत, वीस-वीसच्या पाच गटांत. राज्य कसे मिळवावे, ते कसे टिकवावे, इथून सुरुवात होते. पुढे घर, स्नान, जेवणखाण असे उपभोग येतात, मग करमणुकी आणि शेवटी खेळ. मराठी वाचकाला हा ग्रंथ वेगळ्या कारणाने ठाऊक असतो: त्यातल्या गायनाच्या प्रकरणात विष्णूच्या अवतारांवरचे मराठी गीत आहे आणि मराठी भाषेच्या जुन्या पुराव्यांत त्याचा हमखास उल्लेख होतो. ग्रंथाच्या नावाचा अर्थच मनाचा उल्हास. राज्याचा भार वाहणाऱ्या माणसाचे मन ताजे राहिले पाहिजे, या विचाराने त्याने करमणुकीलाही राज्यकारभाराइतकीच प्रकरणे दिली.

गळाचे प्रकरण याच करमणुकींच्या गटात आहे. त्याचे नाव ‘मत्स्यविनोद’. त्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. सोमेश्वर थेट काठी-दोऱ्याकडे वळत नाही. आधी तो मासे सांगतो. सुमारे ३५ प्रकार त्याने नोंदवले. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मोठे, मध्यम, लहान कोणते, अशी त्यांची वाटणी केली. कोणत्या जातीला काय खाऊ घालावे, हेही सांगितले. काठी, दोरा, गळ आणि आमिष हे सगळे त्यानंतर येते.

हा क्रम आजच्या विज्ञानालाही पटणारा आहे. माशाच्या दोन्ही कुशींवर एक संवेदनशील रेषा असते. तिच्यामुळे पाण्यातली बारीक थरथर त्याला कळते. त्याला वास येतो, बहुतेक जातींना चांगले दिसते. काही मासे तळाशी चरतात, काही पृष्ठभागावर. म्हणून कोणता दोरा चांगला, या प्रश्नाचे उत्तर माशावर आणि पाण्यावर अवलंबून असते. सोमेश्वराच्या काळी दोरा निसर्गातल्या तंतूंना पीळ देऊनच वळावा लागे. तो पाणी शोषतो, कुजतो, वाळवून ठेवावा लागतो आणि मोठ्या माशासाठी जाड करावा लागतो. जाड केला की माशाला दिसतो. मजबुती आणि बारीकपणा यांची ही ओढाताण गळ टाकणाऱ्याला आजही सुटलेली नाही.

फक्त साधने बदलली. अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन तयार झाले आणि त्यातून आपल्या ओळखीचा तंगूस आला. मण्यांच्या माळा त्यात ओवतात. त्वचेला टाके घालायला शल्यविशारदही नायलॉनचा असाच एकपदरी, निर्जंतुक दोरा वापरतात. तंगूस ताणला की बराच लांबतो. मासा उसळी मारतो तेव्हा हा ताण झटका झेलतो आणि दोरा वाचतो. पण आमिष तळाशी सोडून हलक्या झटक्यांनी वर-खाली नाचवायचे असेल, तर हाच गुण आड येतो: माशाने केलेला हलका स्पर्श हातापर्यंत पोहोचत नाही. तिथे पॉलिथिलीनच्या तंतूंचा, वेणीसारखा विणलेला दोरा बरा. तो जवळजवळ ताणत नाही आणि त्याच मजबुतीला बारीकही असतो. मात्र नितळ पाण्यात तो दिसतो, म्हणून टोकाला हातभर फ्लोरोकार्बनचा दोरा जोडतात. प्रकाश त्यातून जाताना पाण्यातल्यासारखाच, थोडाच वाकतो. त्यामुळे तो सहज नजरेत भरत नाही. गढूळ पाण्यात एवढी काळजी लागत नाही. साधा तंगूस पुरतो.

सोमेश्वराची कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची. ११३८ च्या सुमारास तो गेला. वडिलांचे चरित्र त्याने लिहायला घेतले होते, ते अपुरेच राहिले. पुढच्या वीस वर्षांत कल्याणची गादी कलचुरी बिज्जलाच्या हाती गेली. राजा म्हणून इतिहासाने त्याला फार मोठे मानले नाही. ग्रंथ मात्र टिकला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली १९२५ पासून तो खंडाखंडाने छापला गेला. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये ‘मत्स्यविनोद’वर शोधनिबंध लिहिला आणि जुन्या नावांची आजच्या माशांशी गाठ घालून दिली. रोहित म्हणजे आपला रोहू. गळ टाकणाऱ्यांचा लाडका महसीरही त्या यादीत असल्याचे त्यांनी दाखवले.

त्यामुळे करमणुकीचे हे प्रकरण आज वेगळ्याच कामाचे ठरते. नऊशे वर्षांपूर्वी दख्खनच्या माणसाला कोणते मासे माहीत होते, याची ती नोंद आहे. दख्खनी महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले. ते पाणी पुढे भीमेला मिळून सोलापूर जिल्ह्यात येते. आज मुळा-मुठेत महसीर शोधायला कोणी जात नाही. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्ले वाढवून जलाशयांत सोडावी लागतात. उजनीच्या जाळ्यांत तर परदेशी तिलापियाच मोठ्या प्रमाणावर येतो.

दोऱ्याचीही बाजू आहे. सोमेश्वराच्या काळचा तुटलेला दोरा कालांतराने कुजून जाई. तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. काठावर टाकलेला गुंता पाणपक्ष्यांच्या पायांत आणि चोचींत अडकतो. पतंगाच्या नायलॉन मांजाने गळे कापले जाऊ लागले, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. गळाच्या दोऱ्यावर तशी बंदी नाही. तिथे तुटलेला तुकडा गोळा करून घरी नेणे हे ज्याचे त्यानेच करायचे आहे. दोरा निवडण्याआधी मासा आणि त्याचे पाणी जाणून घ्यावे, हा कल्याणच्या राजाने घालून दिलेला क्रम एवढ्यासाठीही उपयोगाचा आहे.