नारायणरावांची छबी: बाजाराने कमावलं, कर्ज मात्र त्यांच्या नावावर

साधारण शंभर वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईच्या बाजारात पुरुषांची एक टोपी मिळायची. तिचं नाव गंधर्व टोपी. गंमत बघा, ज्याच्या नावावर ही टोपी खपत होती त्याला लोक ओळखायचे ते नऊवारी नेसलेला, नथ घातलेला, अंबाड्यात फुलं माळलेला म्हणून. साबण, तोंडाला लावायची पावडर, किल्ल्यांची साखळी, शक्तीची औषधं अशा कितीतरी मालावर त्याच रूपातली छबी असायची. दिवाणखान्यात देवांच्या तसबिरींशेजारी त्याचा फोटो टांगणारी घरंही होती.

आज एखादी गायिका किंवा बँड बाजारात आणायचा म्हणजे कपडे कुणाचे, केस कसे, फोटो कोण काढणार, कोणत्या कंपनीचा शिक्का चालणार, हे सगळं आधी ठरतं. हे अलीकडचं खूळ आहे असं आपल्याला वाटतं. पण नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांची गोष्ट नीट पाहिली तर यातलं बरंचसं आपल्याकडे १९११ ते १९३१ या वीस वर्षांत होऊन गेलेलं दिसतं. नुकसान कुणाच्या पदरात पडतं, तेही.

राजहंस घराणं सांगलीकडच्या नागठाण्याचं. नारायणचा जन्म २६ जून १८८८ चा. पोरगा दहा-अकरा वर्षांचा असताना त्याचं गाणं लोकमान्य टिळकांच्या कानी गेलं आणि बालगंधर्व हे नाव पडलं, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर हा पहिला शिक्का, तोही फुकट आणि साक्षात टिळकांच्या नावाचा. त्यानंतर आयुष्यभर हे नाव पुरलं. म्हातारपणी, आवाज थकल्यावरही, लोक ‘बाल’च म्हणत राहिले.

नाटकात ते आले ते कानाच्या दुखण्यामुळे. ऐकायला कमी यायचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी उपचारासाठी मिरजेला पाठवलं, तिथे किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम होता. ही कंपनी काढणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणजे या संगीत नाटकाची मुळं सीमेच्या अलीकडचीच. अण्णासाहेब जाऊन वीस वर्षं झाली होती. कंपनीचा हुकमी आवाज, भाऊराव कोल्हटकर, १९०१ मध्ये गेले आणि धंदा बसत चालला होता. शाकुंतल तेच, पदं तीच, पण ज्याच्यासाठी लोक तिकीट काढायचे तो गळाच गेलेला. अशा वेळी १९०५ मध्ये हा सतरा वर्षांचा, गोरापान, नाजूक चेहऱ्याचा मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला, आणि कंपनीला पुन्हा ऊर्जितावस्था आली.

पुरुषांनी बायकांची कामं करायची ही तेव्हा रीतच होती, त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते नेसण्याचं. त्याआधी स्त्रीपार्टी नट साडी गुंडाळायचा, बाकी प्रेक्षकांनी समजून घ्यायचं. नारायणरावांनी पदर किती घ्यायचा, चालताना निऱ्या कशा पडतात, रुमाल हातात कसा धरायचा, लाजताना मान किती वळवायची, हे घराघरातल्या शिकल्या-सवरल्या बायकांकडे बघून उचललं. साड्या खऱ्या, जर खरी, दागिने शक्यतो खरे. अत्तर इतकं की पुढच्या रांगांना दरवळ यायचा. थोड्याच दिवसांत उलटी गंगा वाहू लागली. बायकाच नाटकाला येऊन त्यांची साडी, अंबाडा, गजरा, नथ बघून जायच्या आणि घरी तसंच करायच्या. गृहिणींनी कसं दिसावं, याचा नमुना एका पुरुषाने घालून दिला.

यात एक बोच आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ज्या बायका त्या साडीची नक्कल करत होत्या त्यांना रंगमंचावर पाय ठेवायची परवानगी नव्हती. कुलीन घरातली बाई नाटकात गेली तर घर बुडालं असं मानायचे. म्हणजे त्यांच्या रूपाचा खेळ चालायचा, तिकिटं विकली जायची, माल खपायचा, आणि त्यांनी प्रेक्षागृहात बायकांसाठी राखलेल्या जागेत बसून बघायचं. नारायणरावांनी हे ठरवलं नव्हतं, पण त्यांचं सगळं यश या बंदीवर उभं होतं.

१२ मार्च १९११ ला मुंबईत खाडिलकरांच्या मानापमानाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा असं कंपनीतल्या लोकांनी सुचवलं. नारायणराव भामिनीचा शृंगार करून उभे राहिले आणि प्रयोग पार पडला. ही हकिगत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत आता कौतुकच येतं. मला मात्र दरवेळी त्या घरातली आई आठवते. लक्ष्मीबाईंच्या त्या रात्रीबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही.

दोन वर्षांनी, १९१३ मध्ये, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. नावच बघा. किर्लोस्कर कंपनी संस्थापकाच्या आडनावावर चालायची, ही चालणार होती नटाच्या टोपणनावावर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मिळाला, आणि महाराजांचं नाव जाहिरातीत छापलं जाऊ लागलं. हा दुसरा शिक्का. बडोदेकर वाचकांना मुद्दाम सांगायला हवं, गडकऱ्यांचा एकच प्याला फेब्रुवारी १९१९ मध्ये रंगमंचावर आला तो बडोद्यातच. गडकरी आदल्याच महिन्यात वारले होते.

त्या नाटकातली सिंधू म्हणजे या बाजाराची खरी परीक्षा होती. नवरा दारूत बुडालेला, बाई जुनेर नेसून दळण दळते. भरजरी शालू नाहीत, दागिने एकेक करून गेलेले. ज्या नटाची ओळखच रेशमावर उभी, त्याने फाटकं नेसून काय करायचं? लोक ढसाढसा रडले आणि पुन्हा तिकीट काढून आले. रुक्मिणीला बघायला येणारे सिंधूलाही आले, याचं कारण गाणं. साडी दाराशी आणत होती, आत बसवून ठेवत होता तो गळा.

त्या गळ्यामागे कष्ट होते. गुरू भास्करबुवा बखले, जन्माने बडोदे संस्थानातल्या कठोर गावचे, पुढे धारवाडकडेही राहिलेले. १९१६ च्या स्वयंवरात त्यांनी अस्सल बैठकीतले राग असे बसवले की ज्याला रागाचं नावही ठाऊक नाही तोही घरी जाताना गुणगुणत जायचा. साथीला ऑर्गन, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर पुढे अहमदजान थिरकवा. एवढ्या तोलामोलाचे वादक पगारी ठेवणारी नाटक कंपनी दुसरी दाखवा. एका पदाला चार-चार, पाच-पाच वन्समोअर पडायचे, नारायणराव प्रत्येक वेळी नव्याने गायचे, आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपायचं. ग्रामोफोनच्या तबकडीत मात्र तीनेक मिनिटंच मावायची. तरी त्या तबकड्या गावोगाव गेल्या, आणि कंपनीचा मुक्काम जिथे कधी पडला नाही तिथेही आवाज पोचला.

आता पैशाकडे येऊ, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

नारायणरावांना हिशेब कळत नसे, असं म्हणून आपण मोकळे होतो. अर्धंच खरं आहे ते. थाट हीच कंपनीची जाहिरात होती, तो कमी केला असता तर गंधर्व कंपनी आणि इतर कंपन्या यांत फरक काय राहिला असता? १९२० च्या द्रौपदीत मयसभा उभी करताना हात आखडला नाही. गालिचे, मखमल, अत्तर, कंपनीतल्या सगळ्यांना पंगतीत सारखं जेवण, आल्यागेल्याचा पाहुणचार. टेंबे आधीच बाहेर पडले होते, पुढे बोडसही गेले. भागीदार गेले की नाही म्हणणारं कुणी उरत नाही. कर्ज लाखाच्या घरात गेलं. नारायणरावांनी पळवाट काढली नाही, वर्षानुवर्षं खेळ करून ते फेडत आणलं. पण ज्यांनी त्यांची छबी डब्यावर छापून माल विकला, त्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या कर्जातला वाटा उचलला असं कुठे वाचनात येत नाही. छबीवर हक्क असतो, तिचा मोबदला मागता येतो, ही कल्पनाच तेव्हा कुणाला सुचली नव्हती.

स्पर्धाही होतीच. नारायणराव किर्लोस्कर कंपनी सोडून गेल्यावर तिथे गोव्याच्या मंगेशीचा एक तेजस्वी आवाजाचा मुलगा आला, दीनानाथ. पुढे १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी निघाली. कोल्हापूरचे केशवराव भोसले आणि त्यांची ललितकलादर्श तर बरोबरीचेच. गंधर्ववाले आणि भोसलेवाले अशी चक्क पार्टी असायची, हल्ली नटांच्या चाहत्यांची असते तशी. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे एकत्र उभे राहिले, मुंबईच्या बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमान. केशवराव धैर्यधर, नारायणराव भामिनी. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते, तरी मुंबई लोटली. वैर विकून झालं होतं, आता मैत्री विकली गेली, आणि चांगल्या कामासाठी विकली गेली. तीन महिन्यांत केशवराव गेले.

मग पडद्यावर बोलपट आला. १९३२ च्या अयोध्येच्या राजात राजा होते जुने भागीदार गोविंदराव टेंबे, आणि तारामती होत्या दुर्गाबाई खोटे. खरी बाई, शिकलेली, चांगल्या घरातली. रंगमंचावर हिराबाई बडोदेकर उभ्या राहून गात होत्या. १९३३ मध्ये आंधळ्यांची शाळा आलं, त्यातही स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली. ज्या बंदीवर सगळा डोलारा होता तीच उठत होती. नारायणरावांनी पंचेचाळिशी ओलांडली होती, अंग सुटलं होतं. १९३४ अखेर कंपनी थांबली आणि ते प्रभातमध्ये गेले. शांतारामबापूंच्या धर्मात्मा चित्रपटात, १९३५ साली, त्यांना एकनाथांची भूमिका दिली. दाढीमिशीवाले बालगंधर्व! चित्रपट चांगला आहे, विषय अस्पृश्यतेचा, धाडसी. पण लोक ज्याला बघायला आले होते तो पडद्यावर नव्हताच. तीस वर्षं ज्याला एका रूपात विकलं त्याला एका रात्रीत दुसऱ्या रूपात विकता येत नाही, हे प्रभातसारख्या जाणत्या कंपनीच्याही ध्यानात आलं नाही. करार पुढे चालला नाही. नंतर मीराबाईच्या नाटकाचं चित्रीकरण केलं, साडी नेसून. कॅमेऱ्याला ते सोसलं नाही, तोही पडला.

१९३८ मध्ये पुन्हा उभ्या केलेल्या कंपनीत गोहरबाई आल्या. विजापूर भागातल्या बिळगीच्या, अमीरबाई कर्नाटकी यांची बहीण. घरात कन्नड बोली, धर्म मुसलमान, आणि गळा असा की तबकडी लावली तर बालगंधर्वच गाताहेत असं वाटावं. आता त्या नायिका व्हायच्या आणि नारायणराव नायक. प्रेक्षकांना रुचलं नाही. लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या, पुढे गोहरबाई त्यांच्या पत्नी म्हणून राहिल्या, आणि गंधर्वभक्तांनी सगळ्या पडझडीचं खापर या बाईवर फोडलं. तिने नादी लावलं, तिने लुबाडलं, असं सर्रास लिहिलं-बोललं गेलं. कर्ज ती येण्याच्या कितीतरी आधीचं, कंपनी बंद पडली तीही आधीच. तरी दोष तिचा. सीमेपलीकडची, दुसऱ्या धर्माची आणि वर गाणारी बाई, एवढं पुरलं. नारायणराव अर्धांगाने खिळले तेव्हा उशापायथ्याशी हीच होती, आणि १९६४ मध्ये त्यांच्याआधी तीच गेली. तिची आठवण आपल्या भागात तरी नीट व्हायला हवी होती.

सन्मान आले, उशिरा. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा, १९६४ मध्ये पद्मभूषण. तोवर गायचे ते कुणी भजनाला बोलावलं तर. १५ जुलै १९६७ ला पुण्यात ते गेले.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली होती. २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, ते उघडलं. बघायला ते नव्हते. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन मोठी चित्रं आहेत. एक स्त्रीवेशातलं, एक पुरुषवेशातलं. कधी नाटकाला गेलात तर मध्यंतरात बघा, लोक फोटो कुठल्या चित्रासमोर उभं राहून काढतात ते.