पहाटेचा पाठ

सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटकातील गंगामूळ नावाच्या गर्द अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे यांचा आश्रम होता. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये असे मानणारा तो काळ. परंतु शास्त्रीबुवांनी लोकनिंदा सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले होते. २३ एप्रिल १८५८ रोजी या दांपत्याच्या पोटी जन्मलेली मुलगी पुढे पंडिता रमाबाई या नावाने विख्यात झाली. ती सहा महिन्यांची झाली न झाली तोच कुटुंबाला आश्रम सोडावा लागला. वेताच्या टोपलीत निजलेली ही बालिका एका हमालाच्या डोक्यावरून रानाबाहेर पडली, आणि तेव्हापासून यात्रेची वाट हेच त्या कुटुंबाचे घर झाले.

अशा भ्रमंतीत शाळा कोठून येणार? वडील वृद्ध झालेले, आणि आई दिवसभर कामात बुडालेली. तिला उसंत मिळे ती केवळ पहाटे. अंधार असतानाच ती जमिनीवर निजलेल्या रमेला उचलून जवळ घेई, लाडक्या शब्दांनी जागी करी आणि पाखरांची किलबिल सुरू होत असता एकेक श्लोक तिच्याकडून म्हणवून घेई. पुस्तक नव्हते, आईचे मुख हेच पुस्तक. अशा रीतीने हजारो श्लोक रमेच्या मुखोद्गत झाले. पण श्लोकांहूनही मोठा लाभ निराळाच होता. दिवस उजाडण्यापूर्वीचा पहिला प्रहर हा चिंतनाचा प्रहर, ही सवय तिच्या अंगी कायमची बाणली.

पुढे दुष्काळ आला. १८७४ साली वडील गेले. त्यांच्या पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीण. उरलेली दोघे भावंडे, रमाबाई व श्रीनिवास, अन्नवस्त्रावाचून हजारो मैल पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. दोनच वर्षांत भाऊ निवर्तला. त्यानंतर विवाह झाला, कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ साली पतीही गेले.

याच काळात, आसामातील सिल्चर येथे पतीच्या घरी, लूकच्या शुभवर्तमानाचे एक बंगाली पुस्तक त्यांच्या हाती पडले होते. ते त्यांनी आवडीने वाचले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. येथे रमाबाईंचा प्रामाणिकपणा लक्षात घेण्याजोगा आहे. दीक्षेनंतर आठ वर्षांनी त्यांना कळून आले, की आपणांस धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळाला नाही. हे त्यांनी लपविले नाही. स्वतःच लिहून ठेवले. मग त्या अधिकच नेमाने शास्त्र वाचू लागल्या व प्रार्थनेस बसू लागल्या.

या नेमाची किंमतही त्यांना द्यावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी विधवांसाठी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे कोणाला धर्म सांगावयाचा नाही, असे ठरलेले होते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत कन्येसह प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. दार लावून घेतले असते, तर कदाचित ते शमले असते. पण आलेल्या मुलीला बाहेर घालविणे रमाबाईंना मान्य नव्हते. शब्द मोडला असे लोकांना वाटले, तेही अगदीच अकारण म्हणता येणार नाही. १८९३ साली रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार सदनापासून दूर झाले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचा नेम मात्र चालू राहिला.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील भुकेली मुले पाहून रमाबाईंना आपले बाळपण आठवले. तेथून त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या आणि पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन वसविले. उपासमारीने खंगलेल्या, कोणावरही विश्वास न उरलेल्या या मुलींना शिस्त लावणे सोपे नव्हते. शिक्षण, विणकाम, शेती, छपाई अशा कामांत त्यांचा दिवस बांधला गेला. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोज प्रार्थनेस जमण्याचे आवाहन केले, तेव्हा सुमारे ७० जणी आल्या. काही महिन्यांतच ५५० जणी दिवसातून दोन वेळा जमू लागल्या.

याच सुमारास रमाबाईंनी एक कठीण कार्य हाती घेतले. त्या वेळचे मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेले होते. मुक्तिसदनातील साध्यासुध्या बायकांना ते उमगत नसे. म्हणून या संस्कृत पंडितेने, चाळिशी उलटून गेल्यावर, हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत नवे भाषांतर आरंभिले. ज्या भाषेमुळे सरस्वती ही पदवी मिळाली, तिचेच शब्द त्या आता वेचून बाजूला सारीत होत्या! कानांनी ऐकू येणे कमी झाले होते, संस्थेचा व्याप अफाट होता. तरी काम दररोज थोडेथोडे पुढे सरके. खिळे जुळविणे, छापणे ही कामे मुक्तिसदनातील स्त्रियाच करीत.

१९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. आईचे काम पुढे चालवील अशी आशा जिच्यावर होती, तीच गेली. रमाबाईंची प्रकृती खालावली होती; पण मुद्रिते तपासावयाची राहिली होती. त्या पुन्हा मेजाशी बसल्या. ती पुरी होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली होती, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. मुक्तिसदनातील स्त्रियांनी छपाई चालूच ठेवली, आणि १९२४ साली रमाबाईंचे मराठी बायबल छापून पूर्ण झाले.