निकालाआधीचा निकाल

हिंगोलीत नोकरीला असताना आमच्या एका कॅशियरवर अफरातफरीचा आळ आला. चौकशी व्हायची होती. पण वर्तमानपत्रात बातमी आली आणि गावाने निकाल देऊन टाकला. मीही त्याच्याशी बोलणे टाकले. पुढे तो निर्दोष ठरला.

तेव्हापासून लोकमान्य टिळकांचे चरित्र मी वेगळ्या नजरेने वाचतो. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या या संपादकाने दोन्ही बाजू भोगल्या. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्धची पत्रे खरी मानून छापली. ती बनावट निघाली. अब्रुनुकसानीबद्दल १८८२ मध्ये आगरकरांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

१८९७ मध्ये पारडे फिरले. पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि मुंबईच्या इंग्रजी पत्रांनी ‘केसरी’कडे बोट दाखवले. खटला राजद्रोहाचा होता, खुनाचा नव्हे. पण शहरातल्या गदारोळात हा फरक कुणाला उरला? ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांची झाली.

१९२० साली लोकमान्य गेले. ज्यूरीही इतिहासजमा झाली. पण आपण घरोघरी ज्यूरी होऊन बसतोच. त्या कॅशियरची माफी मागायला मी गेलो, तेव्हा तो बदली घेऊन गाव सोडून गेला होता.