राजांचा खजिनदार आणि हरवलेलं भाष्य

आजचं वाचन : अनुवाद १७:१४-२०

आजच्या वचनांत राजासाठी नियम आहेत. त्याने घोडे वाढवू नयेत, सोनं-रुपं साठवू नये, आणि नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घेऊन रोज वाचावी. या वचनांवर भाष्य करणाऱ्यांत एक जण असे होते, ज्यांनी राजांचं सोनं-रुपं अर्धं आयुष्य सांभाळलं. डॉन इसहाक अबरबनेल.

जन्म लिस्बनचा, १४३७. घराणं ज्यू, दरबारात वजन असलेलं. पोर्तुगालचा राजा पाचवा अफोन्सो याचा पैशांचा व्यवहार ते बघायचे. तेव्हाच त्यांनी 'अनुवाद'वर भाष्य लिहायला घेतलं होतं, पण दरबाराच्या कामात ते अर्धवटच राहिलं. (ओळखीचं वाटतंय ना?)

अफोन्सोनंतरच्या राजाने १४८३ मध्ये कटाच्या आरोपावरून ब्रागांझाच्या ड्यूकला मारलं. इसहाक यांचंही नाव त्यात गोवलं गेलं. ते सीमा ओलांडून कॅस्टिलला पळाले. मालमत्ता जप्त झाली, आणि या सगळ्या धावपळीत ते अर्धवट भाष्यही हरवलं.

हाताशी काम नाही, राजा नाही. मग काही महिन्यांत त्यांनी यहोशवा, शास्ते आणि शमुवेल यांवरची भाष्यं लिहून काढली! पुढचं पुस्तक 'राजे'. तेवढ्यात १४८४ मध्ये फर्डिनांड आणि इसाबेला यांचं बोलावणं आलं आणि 'राजे' बाजूला पडलं. राजांच्या चाकरीत शास्त्र मागे राहिलं, ही खंत त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे.

त्यांची पद्धत मला फार आवडते. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मनात येणाऱ्या सगळ्या शंका मांडायच्या, अगदी अडचणीच्यासुद्धा, आणि मग एकेक सोडवायची. आधी सगळे बग नोंदवा, मग कोडला हात लावा, तसंच. उत्तरं मात्र लांबलचक, वाचताना दम लागतो.

१४९२ मध्ये स्पेनमधल्या ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा किंवा देश सोडावा, असा हुकूम निघाला. इसहाक यांनी राजाकडे विनवण्या केल्या, मोठी रक्कम देऊ केली. उपयोग झाला नाही. त्यांचे ज्येष्ठ सहकारी अब्राहाम सेनियोर यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते तिथेच राहिले. इसहाक कुटुंबाला घेऊन नेपल्सला निघाले. तिथे १४९३ मध्ये 'राजे' पूर्ण झालं. दोन वर्षांत फ्रेंच सैन्य आलं आणि त्यांचा ग्रंथसंग्रह लुटला गेला.

आणि मग कोर्फू बेटावर, १४९५ मध्ये, लिस्बनला लिहायला घेतलेलं 'अनुवाद'चं तेच भाष्य त्यांना परत सापडलं. बॅकअप वगैरे काही नसलेल्या काळात! पुढे इटलीतल्या मोनोपोली गावी बसून त्यांनी ते पूर्ण केलं. आजच्या वचनांबद्दल त्यांचं मत असं, की राजा नेमा अशी ही आज्ञा नाहीच, लोकांनी मागितलाच तर दिलेली ती परवानगी आहे. राजाशिवाय कारभार चालतो हे दाखवायला त्यांनी व्हेनिस, फ्लोरेन्स अशा शहरांची उदाहरणं दिली. राजदरबार जवळून पाहिलेला माणूस हे लिहीत होता.

१५०८ मध्ये व्हेनिसला त्यांचं निधन झालं. दफन पादुआत झालं, पण पुढच्याच वर्षी युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली, कबरीचा पत्ता लागत नाही. बायबलवरचं एकही भाष्य त्यांच्या हयातीत छापलं गेलं नव्हतं. नंतर गेर्शोम सोन्चिनो यांनी पेझारोत संदेष्ट्यांच्या ग्रंथांवरची भाष्यं छापली. कोर्फूत सापडलेलं भाष्य १५५१ मध्ये साब्बियोनेता या छोट्या गावात छापून निघालं. तिथल्या नव्या हिब्रू छापखान्याचं ते पहिलंच पुस्तक. दोनच वर्षांनी रोममध्ये तालमूदच्या प्रती जाळल्या गेल्या, आणि इटलीतली हिब्रू पुस्तकं सेन्सॉरच्या हाताखालून जाऊ लागली. त्या काळच्या प्रती आता दुर्मिळ आहेत, आणि काहींत ओळीच्या ओळी शाईने खोडलेल्या दिसतात.

उद्याचं वाचन : अनुवाद १८